पडद्यावरचा आकडा

नव्यानं आलेल्या वेदनामापकाचा पट्टा कल्पनाच्या कपाळावरून काढताना डॉक्टर सराफांचा हात थबकला. पडद्यावर दहापैकी नऊ आकडा होता. हाड मोडलेला माणूससुद्धा सातच्या वर जात नसे.

"गर्भाशयाचं अस्तर बाहेर, आतड्यांवर वाढलंय," स्कॅन पाहून ते म्हणाले. "दर पाळीला तिथंही रक्तस्राव होतो. बाई, तुम्ही उभ्या तरी कशा राहता?"

याच डॉक्टरांनी तिला वर्षानुवर्षं "पाळीत सगळ्यांनाच दुखतं" म्हणून परत पाठवलं होतं.

नवऱ्याचा, प्रकाशचा, चेहरा उतरला. "अगं, एवढं दुखत होतं तर सांगायचं नाही का?"

कल्पनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सांगायचं? बाथरूममध्ये गुरासारखी ओरडत होते मी! तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. आणि डॉक्टर, तुम्ही मला डोकं शांत ठेवायच्या गोळ्या दिल्यात. माझं तोंड खोटं आणि हे डबडं खरं?"

ती पोट धरून बाहेर आली. बाकावर एक कॉलेजातली मुलगी गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती.

"मशीनवर नंबर लागला की ये," नर्स तिला सांगत होती. "आकडा आल्याशिवाय इंजेक्शन मिळत नाही."

कल्पना मागे वळली आणि तिनं डॉक्टरांचं दार सताड उघडलं. "बाहेर या. या पोरीला दुखतंय. मशीन राहू दे, तिला विचारा!"

डॉक्टर घुटमळले. कल्पना दारातून हलली नाही. शेवटी ते बाहेर आले आणि मुलीसमोर वाकले.

"सांग बाळा, कुठं दुखतंय?"