दुधी काच

बाईंनी कॅमेऱ्याची कळ दाबली. पुढचं झाकण आडवं पडलं आणि काळ्या चामड्याचा भाता लेन्सला घेऊन बाहेर आला.

"किती जणांकडे फिरून आलात?" त्यांनी विचारलं.

"तिघांकडे," समोरच्या खुर्चीतली तरुणी म्हणाली. "एक म्हणाला, स्प्रिंग मिळत नाही. दुसऱ्याला वेळ नव्हता. तिसऱ्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि काही न बोलता परत दिला. पैसे कुणीच घेतले नाहीत. तुमचा पत्ता त्या तिसऱ्यानेच दिला. म्हणाला, त्या बाई तोंडावर खरं सांगतात."

"म्हणून तर दुकानात गर्दी नसते."

बाईंची साठी उलटली होती. असे घडीचे कॅमेरे उघडण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्यांनी भात्याच्या आत छोटा दिवा धरला, चारही बाजूंनी फिरवून पाहिला. कुठूनही उजेड झिरपत नव्हता.

"जपून वापरलाय. तुमचा?"

"भावाचा. अकरा महिने झाले, सकाळी कामाला गेला तो परत आलाच नाही. कॅमेरा घरीच होता, शटर अडकलेलं. आई म्हणते, आला की आधी कॅमेरा मागेल, तेवढा नीट करून ठेव."

बाईंनी मान हलवली. त्यांनी शटरच्या पात्या मोकळ्या केल्या, कापसाने जुनं तेल पुसलं. तेल घट्ट होऊन गोंदासारखं चिकटलं होतं, एवढंच. अर्ध्या तासात शटर टिकटिक वाजायला लागलं.

"झालं?"

"फोकस बघते. हलू नका."

त्यांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्म बसते त्या जागी दुधी काचेचा तुकडा, गुळगुळीत बाजू स्वतःकडे करून ठेवला आणि लेन्स तिच्याकडे वळवली. दुपारचं ऊन खिडकीतून तिच्या खुर्चीवर आलं होतं. बाई बसल्या होत्या तो कोपरा अंधारातच होता. काचेवर चित्र उमटलं. खिडकी, खुर्ची, मांडीवर हात घेऊन बसलेली ती. सगळं उलटं, जसं असायला हवं तसं.

बाईंनी डोळ्याचं भिंग काढलं, पदराने पुसलं, पुन्हा लावलं. काचेवर पाहिलं. मग सावकाश मान वळवून स्वतःच्या मागे पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीला स्क्रू ठेवायचे लाकडी खण होते आणि त्यांची खुर्ची त्या खणांना टेकलेली होती. मध्ये हातही शिरला नसता.

"काय झालं?"

"शटर चालू झालं. त्यात अवघड काही नव्हतं. तिघांनाही जमलं असतं."

"मग त्यांनी का नाही केलं?"

बाईंनी काचेवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"खरं हवंय ना तुला?" त्या म्हणाल्या. अहोजाहो कधी सुटलं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"हवंय."

"लेन्समधून जे येतं ते या काचेवर उलटं पडतं. खिडकी उलटी आहे. तू उलटी आहेस. एक माणूस मात्र सरळ दिसतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो लेन्समधून आलेला नाही. आरशात दिसावं तसं हे काचेतलं प्रतिबिंब आहे." बाईंचा आवाज खाली आला. "तो माझ्या पाठीशी उभा आहे."

तिने बाईंच्या मागे पाहिलं. तिला खण दिसले, त्यांच्या पितळी मुठी दिसल्या.

"कसा आहे?"

"उंच. खांदे पडलेले. बूट हातात धरलेत, लेसा एकमेकींना बांधून."

"उशीर झाला की तसाच यायचा," ती म्हणाली. "आवाज होऊ नये म्हणून." तिचे हात मांडीवरून हलले नव्हते. "बाई, अजून एक सांगा. त्याच्या पापण्या लवतात का?"

बाईंनी काचेवर नजर ठेवली. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी दूर जाऊन ऐकू येईनाशी झाली, तरी त्या पाहत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

तिने मान हलवली. अकरा महिने हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नव्हता.

बाईंनी दुधी काच काढून घेतली, पाठ लावली. कामाचे पैसे सांगितले आणि घेतले. भाता आत ढकलताना त्यांचा हात मध्येच थांबला.

"मिटून देऊ?"

"नको. राहू दे तसाच."

ती उघडा कॅमेरा छातीशी धरून घरी निघाली. वाटेत दोनदा थांबली. मागे मात्र पाहिलं नाही.

दार आईने उघडलं. कॅमेरा झाला का, असं तिने विचारलं नाही. मुलीला आत घेतलं आणि दार धरून ती तशीच बाजूला उभी राहिली, मागून येणाऱ्या माणसाला उंबरा ओलांडायला वेळ लागतो तेवढा वेळ. मग तिने दार लावलं.

अकरा महिने ते दार रात्रंदिवस नुसतं लोटलेलं असायचं. आईने आज आतून कडी घातली.