कठड्यावरची लाल रजई

डोंगरउतारावरची ती गल्ली खालच्या शहराहूनही जुनी. तिथून अख्खं शहर तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं, म्हणून परगावचे लोक धापा टाकत फोटो काढायला चढतात. तिथल्या म्हातारीला मात्र त्या सगळ्या पसाऱ्यात एकच खिडकी दिसायची, लेकीच्या स्वयंपाकघराची.

म्हातारीला फोनवर धड ऐकू येत नसे. म्हणून मायलेकींनी ठरवूनच टाकलं होतं. सकाळी कठड्यावर लाल रजई पडली की लेकीने समजायचं, आई ठणठणीत आहे. दिवेलागणीला रजई आत जायची, कारण रात्री अंगावर घ्यायला तीच एक होती.

त्या रात्री पावसाने शहराला झोडपून काढलं. लेकीच्या जिवाला घोर लागला. उजाडताच ती खिडकीशी धावली आणि वर बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"बघितलंस? आपली म्हातारी उठलीसुद्धा!" ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने डोळे बारीक केले. "अगं, पण रजई ओलीचिंब दिसतेय. कशी जड होऊन लोंबतेय बघ."

"धुतली असेल," चहाचं आधण ठेवत ती हसली. "आईला स्वस्थ बसवतंय कुठे!"