हरवलेल्या वस्तूंचं कार्ड

कात्री पुन्हा जागेवर नव्हती.

तिने कपाटाचा खण तिसऱ्यांदा उपसला. लंगोट होते, टोपडी होती, पावडरीचा डबा होता. कात्री तेवढी गायब. आणि मुंगीची नखं मात्र बघावं तेव्हा कापलेली!

मुंगी पाच आठवड्यांची होती. नावावर आईबापाचं एकमत होईना, म्हणून तूर्त मुंगी.

तिने उशीखालून एक कार्ड काढलं. ती ग्रंथालयात कामाला होती. तिथली यादी संगणकावर गेली तेव्हा हजारो जुनी कार्डं रद्दीत निघाली. तिने खोकी भरभरून घरी आणली. पाठकोऱ्या कार्डांवर ती सगळं लिहायची, किराण्यापासून भांडणातल्या मुद्द्यांपर्यंत. कोपऱ्यात तारीख, प्रत्येक नोंदीपुढे छोटा चौकोन, काम झालं की चौकोनात खूण. नवरा चिडवायचा, "माझं कार्ड कुठल्या कप्प्यात आहे गं?"

या कार्डावर आधीच तीन नोंदी होत्या. भाजीची सुरी. डोकेदुखीच्या गोळ्या. माळ्याच्या कुलपाची किल्ली. खाली तिने लिहिलं, कात्री.

चोर कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. घरात बाहेरचं माणूस एकच, मावशी.

मावशी सकाळी सातला यायच्या, नवरा निघायच्या आत. तो परतल्याशिवाय हलायच्या नाहीत. काखेत एक निळी पिशवी, ती मुंगीला अंघोळ घालतानासुद्धा पायाशी. भाजी घरूनच चिरून आणायच्या. "तुमचा तेवढाच वेळ वाचेल, ताई," म्हणायच्या. तिला त्यांचा राग राग यायचा. आपलं लेकरू आपल्याच हाताने घ्यायचं, तर ही बाई शेजारी स्टूल ओढून बसणार. पापणी लवत नाही मेली!

घर तर ओळखू येईनासं झालं होतं. नवरा लिफ्टदुरुस्तीवाला, पान्हा खिशातच. बाथरूमची कडी कुरकुरते, मुंगी दचकते, म्हणून त्याने ती काढूनच टाकली. मुंगीला वारा लागतो म्हणून गॅलरीचं दार चार स्क्रू पिळून बंद केलं. पाचव्या मजल्यावर राहून कपडे वाळत घालायचे खोलीत. बाळ आलं की घर बदलतं, असं सगळेच म्हणत होते.

सगळे आणखीही बरंच म्हणत होते. पहिल्या दहा दिवसांतलं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "जागरणं, दुसरं काय," नवरा म्हणाला. डॉक्टरीणबाईही "होतं असं" म्हणाल्या. दर गुरुवारी त्या मुंगीचं वजन करायच्या पाच मिनिटांत, आणि मग अर्धा तास हिच्याशी गप्पा. पेशंट कोण आहे, असं विचारावंसं तिला वाटायचं.

आज सकाळी तिने नवऱ्याला दारातच गाठलं. तो बूट घालत होता.

"मावशींना काढून टाक."

"काय झालं?"

"चोरी. चार वस्तू गेल्यात. लिहून ठेवलंय मी."

त्याने कार्ड पाहिलं. बुटाची नाडी सुटली; ती त्याने पुन्हा बांधली, मग पुन्हा.

"पंधरा दिवस थांबू या."

"कशाला? सोनं जाईपर्यंत?"

"मुंगीला त्यांची सवय झालीय."

"आणि माझी?" तिचा आवाज चढला. "ती तिची आई आहे की मी?"

तो तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला आणि गेला. जाताना मावशींकडे बघून त्याने मान हलवली, ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. म्हणजे हाही त्यांना सामील! उद्या ही बाई मुंगीलाच घेऊन गेली, तर कुणाला सांगायचं?

पुरावा हवा होता. दुपारपर्यंत ती खोल्यांतून येरझाऱ्या घालत राहिली. स्वयंपाकघर, पलंग, खिडकी, पुन्हा स्वयंपाकघर. मावशी झुलवत होत्या मुंगीला, पण नजर हिच्यावर.

अडीचच्या सुमाराला मुंगीने दूध उलटून टाकलं, ते नेमकं मावशींच्या अंगावर. मानेपासून पदरापर्यंत. निळी पिशवीही भिजली.

"अगं बाई!" मावशींनी पिशवी घाईने पलंगावर टाकली आणि मुंगीला घेऊनच बाथरूमकडे धावल्या. "ताई, आलेच हं! इथेच बसा!"

पाण्याचा आवाज सुरू झाला. तिने पिशवीची चेन ओढली.

मुद्देमालच सापडला. कात्री, रुमालात गुंडाळलेली. सुरी, वर्तमानपत्रात. गोळ्यांच्या पट्ट्या, रबर लावून. किल्ली. तिला हसू आलं आणि रडूही. वेडी नाही मी, तिने स्वतःला सांगितलं, बघा, वेडी नाही. नवऱ्याला फोन लावायला तिने हात पुढे केला.

तेवढ्यात पिशवीच्या तळाशी तिला एक कार्ड दिसलं. ग्रंथालयाचं, जुनं, हाताळून मऊ पडलेलं. तिने ते उलटलं.

कोपऱ्यात तारीख होती. मुंगी तेव्हा आठ दिवसांची होती. अक्षर वाकडंतिकडं, पण तिचंच. प्रत्येक ओळीपुढे छोटा चौकोन, आणि शेवटचा सोडून सगळ्या चौकोनांत खूण.

सुऱ्या, कात्र्या माझ्या हाताला लागू देऊ नका.
गोळ्या, किल्ल्या मावशींकडे.
बाथरूमची कडी काढा.
गॅलरीचं दार बंद करा.
बाळापाशी मला एकटीला सोडू नका, मी कितीही रडले तरी.
मावशींना काढून टाका असं मी म्हणाले, तर माझं ऐकू नका.