तारीख म्हणजे तारीख

"सर, वेबसाइट उघडतच नाहीये. सर्टिफिकेट संपलंय म्हणते," मिनल म्हणाली.

"शुद्धीवर आहेस ना?" सुरेंद्र पाटसकरांनी भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या लॅबच्या मान्यतेच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं. "ते बघ. अजून दीड वर्ष बाकी आहे!"

आता यांना कोण सांगणार? मिनलनंच सांगितलं, नोकरी टिकवायची होती म्हणून जरा जपून. वेबसाइटलाही स्वतःचं सर्टिफिकेट असतं, ते दर तीन महिन्यांनी नवं करावं लागतं आणि काल त्याची मुदत संपली. चाकणच्या कंपनीचा सकाळीच मेल आला होता. तुमचे रिपोर्ट उघडायला गेलं की धोक्याची सूचना येते, चार वाजेपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर पुरवठादारांच्या यादीतून नाव कमी होईल. लॅबचं निम्मं काम त्या एका कंपनीचं होतं.

आणि लॅब कसली, तर भोसरीतली कॅलिब्रेशन लॅब! कारखान्यांची मोजमापाची हत्यारं तपासायची, बरोबर असली तर हिरवा स्टिकर, मुदत उलटलेली असली तर लाल. एकच दिवस उलटला तरी लाल. हातापाया पडा, गणपतीची सुट्टी होती म्हणा, सुरेंद्र ऐकायचे नाहीत. 'तारीख म्हणजे तारीख' अशी पाटीच त्यांनी दारात लावली होती. दुसऱ्याची संपलेली मुदत त्यांना दहा फुटांवरून दिसायची.

वेबसाइट बनवली होती लॅबमधल्याच मोईजनं. दिघीहून यायचा, मापात केसाचाही फरक पडू द्यायचा नाही. पण एकदा ऐन कामाच्या वेळेत तो कॉम्प्युटरवर बसलेला दिसला. "वेबसाइटचं काम आहे सर, दहा मिनिटं," म्हणाला. "वेबसाइट आपोआप चालते, मला शिकवू नकोस," असं म्हणून सुरेंद्रनी त्याला त्याच दिवशी कायमचं घरी पाठवलं. त्याला झाली दोन वर्षं. वेबसाइट एकदाही कुरकुरली नाही. "बघा, कुणावाचून काही अडत नाही," हे सुरेंद्र येईल त्याला चहाबरोबर पाजायचे. जाणाऱ्याकडून पासवर्ड मागून घ्यायचा कमीपणा मात्र त्यांनी पत्करला नव्हता.

मिनलनं वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर होती, त्या होस्टिंगवाल्यांना फोन लावला. तिथला माणूस फार गोड बोलला. तुमचा सगळ्यांत स्वस्त प्लॅन, एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट, त्यामुळे लॉगिन करून सर्टिफिकेट नवं करायचं बटण हातानंच दाबावं लागेल. लॉगिनचा ओटीपी जाईल मोईज यांच्या मोबाइलवर.

साडेतीन वाजले. सुरेंद्रनी घसा साफ केला आणि मोईजला फोन लावला. अडला हरी... पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. फक्त यातलं गाढव कोण, ते अजून ठरायचं होतं.

मोईजनं ओटीपी मुकाट्यानं सांगितला. मिनलनं बटण दाबलं. दहा मिनिटांत धोक्याची सूचना गेली. सुरेंद्रच्या जिवात जीव आला, आणि जिवाबरोबर स्वभावही.

"दोन वर्षं आपोआप होत होतं रे! आत्ताच काय धाड भरली होती?"

"आपोआप नव्हतं होत सर. दर तीन महिन्यांनी मी घरून करत होतो. आठ वेळा केलं. मी उभी केलेली वेबसाइट, बंद पडलेली बघवली नसती."

सुरेंद्र मटकन खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं. "मग... या वेळी?"

"या वेळी मला हात लावता येईना. महिन्यापूर्वी मी चाकणच्या त्या कंपनीत लागलो, पुरवठादार तपासायच्या कामावर. सकाळचा मेल माझाच. चार वाजता तुमच्या फाइलवर सहीही माझीच. मुदत काल उलटली होती सर. लाल लावू की हिरवा? तुमच्याकडेच शिकलोय, म्हणून विचारतो."