पश्चिमेची भिंत

"काका, जुई पश्चिमेच्या भिंतीवर करपून जाईल. मधुमालती न्या. अकोल्याच्या उन्हाला ती पुरून उरते," नर्सरीवाली म्हणाली.

"भिंत कधी झाकेल?"

"पुढच्या उन्हाळ्यात भिंत दिसायचीसुद्धा नाही."

भगवंतरावांचा हात कुंडीवरच थबकला. डॉक्टरांनी बायकोला दिवाळीपर्यंतचीच मुदत दिली होती, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी रोप उचललं.

घरी ती अंथरुणावर पडून होती. दुपारची भिंत तव्यासारखी तापली होती. "तुझ्या खाटेमागे लावतो," ते म्हणाले. "महिनाभरात खोली गार होईल."

जन्मभर बाग राखलेल्या बायकोनं रोपाचं काडीएवढं खोड चिमटीत धरून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अहो, तुमच्या खाटेमागे लावा. पुढचा उन्हाळा तुम्हाला एकट्याला काढायचाय."