सोमवारपासून

"ती गोळी द्या ना, ताई," शिवणवाली म्हणाली आणि तिने वळून एकदा दाराकडे पाहून घेतलं.

कोणती, हे मेडिकलच्या बाईंनी विचारलं नाही. शिवणवाली दोन वर्षं दर महिन्याला त्यांच्याकडूनच हृदयाच्या गोळ्या नेत होती. तिसऱ्या बाळंतपणात जेमतेम हाती लागली होती. चौथं जिवावर बेतेल, असं मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. नवऱ्याने तो कागद वाचला, नीट घडी घातली आणि डॉक्टरांना घाबरवण्याशिवाय दुसरं काही येत नाही म्हणाला.

"कधी?"

"काल रात्री."

"चिठ्ठी आणलीस? नवऱ्याची सही?"

"सही करणारा असता तर ही वेळ कशाला आली असती?"

दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची ही गोळी लग्न झालेल्या बाईला द्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्याखाली नवऱ्याची सही, असा नियम होता. तो सोमवारपासून जाणार होता. नव्या कायद्याचं पत्रक आठवड्यापूर्वीच ड्रॉवरमध्ये येऊन पडलं होतं. चिठ्ठी नको, सही नको, मागेल तिला गोळी. पण आज शनिवार होता. मागच्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाला याच गोळीपायी सील लागलं होतं. इथे भिंतीवरच्या परवान्यावर बाईंचं नाव होतं, आणि सव्वीस वर्षांत त्या नावाला कुणी बोट लावलं नव्हतं.

बाईंनी मनात तास मोजले. "बहात्तर तासांच्या आत घेतली म्हणजे झालं. सोमवारी सकाळी नऊला ये. पहिली गोळी तुझी."

जितकी लवकर तितकी बरी, हेही त्यांना ठाऊक होतं. ते त्या बोलल्या नाहीत.

"सोमवारी यांना सुट्टी असते."

"काहीतरी निमित्त काढ गं. दोन दिवसांचा तर प्रश्न."

शिवणवाली काउंटरला धरून थोडी उभी राहिली. दुकानाच्या तीन पायऱ्या चढूनही तिला धाप लागायची. मग "बरं" म्हणाली आणि गेली.

सोमवारी बाईंनी पत्रक काचेवर चिकटवलं आणि एक पाकीट बाजूला काढून ठेवलं. नऊ वाजले, अकरा वाजले. जेवणाच्या सुट्टीत डब्याला हात न लावता त्यांनी ते पाकीट पर्समध्ये टाकलं. पत्ता फाइलमध्ये होता. पाच मिनिटांचा रस्ता.

दार नवऱ्याने उघडलं. गालाला दाढीचा साबण. माणूस दिसायला भला होता, "या ना" म्हणाला.

"मी मेडिकलमधून आले. मिसेसच्या गोळ्या संपत आल्या असतील, म्हटलं देऊन जावं."

"एवढ्यासाठी उन्हातून आलात?" त्याने हात पुढे केला. "द्या."

"कशा घ्यायच्या ते त्यांना समजावून सांगावं लागेल."

"मला सांगा. तिच्या गोळ्या मीच काढून देतो. तिच्या कुठे लक्षात राहतं?"

त्याच्या मागे, खिडकीपाशी, मशीन चालू होतं. शिवणवालीने मान वर केली नाही. पाय एकसारखे चालले होते आणि सुईखाली कापड नव्हतं.

बाई म्हणाल्या, अगंबाई, घाईत दुसरीच गोळी उचलली मी, नंतर पाठवते. जिना उतरताना त्यांना मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

मंगळवार तसाच गेला. बुधवारी दुपारी शिवणवाली आली. धाकट्याला लस टोचायच्या निमित्ताने निघाली होती, तो खांद्यावर झोपला होता. काचेवरचं पत्रक तिने अक्षर लावून लावून शेवटपर्यंत वाचलं.

"आता देता येते ना?"

"येते." बाईंनी आवाज खाली आणला. "पण उशीर झालाय गं. आता तिचा फारसा भरवसा नाही. तू असं कर, इथूनच दवाखान्यात जा. तांबी बसवतात, अजून जमेल."

"तिथे केसपेपर माझा दीर काढतो."

बाईंनी पर्समधून सोमवारचं ते पाकीट काढलं.

"मी शनिवारी आले होते, ताई," शिवणवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. मुलाची जन्मतारीख सांगावी तसं सांगितलं तिने.

बाईंनी गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली, आतून पाण्याचा पेला आणला. तिने गोळी गिळली आणि रिकामं पाकीट काउंटरवर सरकवलं. "हे इथेच टाका. घरी नको." मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती एकेक पायरी थांबत उतरली.

ती कोपऱ्याला पोचायच्या आत एक कॉलेजातली मुलगी आत आली. एका कानात हेडफोन, हातात स्कूटरची किल्ली. तिने काचेवरच्या पत्रकाकडे बोट केलं. "यातली एक द्या."

बाईंनी ड्रॉवर उघडला, पाकीट दिलं, कशी घ्यायची ते सांगितलं. मुलगी थँक्स म्हणून निघाली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही.