नाण्यावरचा चेहरा

कॉन्स्टँटिनोपलच्या टाकसाळीत म्हातारा झोइलोस नाण्यांचे ठसे कोरायचा. नवा सम्राट गादीवर बसला तेव्हा त्याला कुणी पाहिलंही नव्हतं, पण सोन्याची नाणी लगेच हवी होती. झोइलोसनं इराणच्या सरहद्दीवर लढायला गेलेल्या आपल्या मुलाचा, मारिनोसचा चेहरा कोरून दिला. घरी एकटाच जेवायला बसला, की मेणावर उमटवलेला तो ठसा समोर ठेवून विचारायचा, "जेवलास का रे?"

वर्षभरानं मारिनोसच्या तुकडीतला एक सैनिक घरी आला.

"काका, तुमचा मारिनोस म्हणजे हुबेहूब नाण्यावरचा सम्राट. आम्ही त्याला 'महाराज'च म्हणायचो."

म्हातारा कधी नव्हे तो हसला.

सैनिकानं मान खाली घातली.



"ती नाणी इराण्यांकडेही पोचली होती, काका. आम्हा सगळ्यांना सोडून त्यांचे भाले एकट्या महाराजांवर पडले."